अरण्य आणि रान



अर्थपरिवर्तनाचे प्रकार तुम्ही यापूर्वी अभ्यासले आहेत. अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थभ्रंश या संज्ञा आणि त्यांची नेहमीची उदाहरणे आता तुमच्या परिचयाची झाली असतील. ही उदाहरणे बहुधा शब्दकोशांतून घेतलेली असतात. त्यामुळे शब्दाचा अर्थ बदलणे ही शतकानुशतके, कुणाच्या नकळत आणि कुणाचे काही न बिघडवता घडणारी गोष्ट आहे, असा समज होण्याचा संभव असतो. हा समज पुरता खरा नाही. शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हा माणसांच्या जगण्यातही काहीतरी बदललेले असते आणि क्वचित त्याची किंमतही मोजावी लागते. भीमाशंकर येथे आणि त्याच्या भोवतालच्या अभयारण्यात मी काही दिवस राहिले, तेव्हा ही गोष्ट मला फार जवळून पाहता आली. ते पाहिलेले तुमच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर लागते. तेथून पश्चिमेकडे वळल्यावर घोडेगाव, डिंभे, तळेघर अशी गावे मागे टाकत रस्ता सह्याद्रीच्या माथ्याकडे चढू लागतो. माझ्यासोबत आमच्या अभ्यासकेंद्रातील एक विद्यार्थी होता. वय छत्तीस-सदतीस, दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास, असा तुमच्यापैकी अनेकांचा दिनक्रम तोच त्याचाही. भीमाशंकरच्या वाटेवरील एका वाडीत त्याचे घर आहे. कुटुंब महादेव कोळी समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरात राहिलेले.

डिंभे येथे घोड नदीवर धरण आहे. जलाशयाच्या कडेने गाडी जात असताना तो म्हणाला, “मॅडम, आपला तालुका आंबेगाव; पण आंबेगाव या पाण्याखाली आहे.” ते खरेच आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गाव जलाशयात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या देवळांचे दगड उघडे पडतात. मात्र सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि मतदारयादीत आंबेगाव हे नाव रोज लिहिले जाते. संकेतक आणि संकेतित यांच्या संबंधाविषयी आपण पाठ्यपुस्तकात जे वाचतो, त्याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. वस्तू नाहीशी झाली तरी नाव तिच्याविना चालत राहते. नवीन पिढीला तर त्या नावात काही हरवले आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळतही नाही.

भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. डोंगरावरच्या देवाकडे जाताना आपण सहसा पायऱ्या चढतो; येथे त्या उतरून जावे लागते. माथ्यावरच्या खोलगट जागेत, झाडीने वेढलेले हे देऊळ आहे. मंदिराची घडण नागर शैलीतील असून शिखराचे काम नाना फडणवीसांनी करविले, असे सांगितले जाते. भीमा नदीचा उगम याच परिसरात. येथून निघालेली ही नदी पंढरपुरात चंद्रभागा होते आणि साडेआठशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून कृष्णेला मिळते. पश्चिमेला डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. कर्जतकडील खांडस गावातून शिडी घाट आणि गणेश घाट अशा दोन पायवाटा वर येतात. आज गिर्यारोहक त्या वाटांनी येतात. पूर्वी त्या घाटावरच्या आणि तळकोकणातल्या माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटा होत्या.

देवळाच्या आवारात दोन दगडी खांबांच्या मध्ये एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती मूळची पोर्तुगिजांची. तिच्यावर १७२९ हे वर्ष आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधील घंटा मराठी मुलखात आल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांना दिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीतही अशा घंटा आहेत. घंटेचा धातू तोच राहिला आणि नादही तोच राहिला. ऐकणारे बदलले, म्हणून तिच्या नादाचा अर्थ बदलला. शब्दाच्या बाबतीतही असेच घडते. ध्वनी कायम राहतो आणि तो कोणाच्या हाती आहे यावर त्याचा अर्थ ठरू लागतो. पुढे जे सांगायचे आहे, ते वाचताना ही घंटा ध्यानात ठेवावी.

देवळाभोवतीच्या डोंगरांवरील जंगल १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. हे जंगल विशेष ओळखले जाते ते शेकरूसाठी. तांबूस-तपकिरी पाठीची आणि झुपकेदार लांब शेपटीची ही मोठी खार आपल्या राज्याचा राज्यप्राणी आहे. ती सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर झेप घेत ती फिरते आणि उंच फांद्यांवर डहाळ्या-पानांची गोल घरटी बांधते. म्हणजे तिला नुसती झाडे असून भागत नाही. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असावे लागतात. मधली चार झाडे गेली की तिचा रस्ताच तुटतो. या जंगलाला संरक्षण का हवे होते, हे शेकरूकडे पाहिले म्हणजे समजते. पावसाळ्यात येथे आणखी एक नवल दिसते. काळोख्या रात्री कुजलेल्या लाकडावरची बुरशी मंद हिरवट प्रकाशाने उजळते. मी ती पाहिली तेव्हा पायाखालची वाटही दिसत नव्हती आणि दोन्ही बाजूंचे ओंडके मात्र चांदणे सांडल्यासारखे चमकत होते.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. विद्यार्थ्याच्या घरी आम्ही पोहोचलो, तेव्हा त्याची आई घरात नव्हती. शेजारच्या लहान मुलीने सांगितले, “आजी रानात गेली.” विद्यार्थ्याने लगेच माझ्याकडे वळून खुलासा केला, “म्हणजे शेतात, मॅडम.” थोड्या वेळाने मावशी आल्या. डोक्यावर सरपणाची मोळी होती. शेतात गेल्या होत्या का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “न्हाय बाई, रानात गेलते. वरल्या अंगाला.” ‘वरल्या अंगाला’ म्हणजे जंगलात. दुसऱ्या दिवशी त्या नाचणीच्या तुकड्याकडे निघाल्या, तेव्हाही शब्द तोच होता. शेत हेही रान आणि जंगल हेही रान.

‘रान’ हा शब्द संस्कृत ‘अरण्य’ या शब्दापासून आला आहे. प्राकृतात आरंभीचा ‘अ’ गळून ‘रण्ण’ असे रूप झाले. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात ते नोंदलेले आहे. त्यातील जोडाक्षर सुटून आणि आधीचा स्वर दीर्घ होऊन मराठीत ‘रान’ झाले. मूळ ‘अरण्य’ शब्दाचा संबंध ‘अरण’ म्हणजे दूरचे, परके या शब्दाशी जोडला जातो. गावाच्या हद्दीपलीकडचे, आपले नसलेले, ते अरण्य. या डोंगरात पोहोचेपर्यंत त्याच शब्दाने केवढा पल्ला गाठला, ते पाहा. परकेपणाचा वाचक असलेला शब्द जेथे आपण रोज राबतो त्या जागेचा वाचक झाला. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून तुम्ही हे खुशाल उत्तरपत्रिकेत लिहू शकता. मात्र त्यामागची घडामोड विसरू नका. हा विस्तार कोण्या पंडिताने केलेला नाही. ज्यांच्या पायांना शेताची कड कोठे संपते आणि झाडी कोठे सुरू होते हा भेद करण्याची गरज पडली नाही, त्यांनी तो केला.

१९८५ मध्ये त्याच डोंगराला ‘अभयारण्य’ हे नाव मिळाले, तेव्हा ‘अरण्य’ हे जुने तत्सम रूप पुन्हा तेथे आले आणि त्यासोबत जुना अर्थही आला. हद्दी आखल्या गेल्या. मावशींच्या एकसंध रानाचे दोन भाग झाले: एक सातबाऱ्यावरचे आणि दुसरे कायद्याच्या आतले. ‘अभय’ हा शब्द सुंदर आहे, आणि शेकरूला त्याचा लाभ झाला यात शंका नाही. मावशींना मी विचारले, अभयारण्य म्हणजे काय? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “ज्याच्यात जायाला भ्या वाटतं ते.” त्यांना विनोद करायचा नव्हता. सरपणाला गेल्यावर कुणी अडवील ही धास्ती त्यांच्या मनात होती आणि त्या धास्तीलाच त्यांनी त्या शब्दाचा अर्थ मानले होते.

याचा अर्थ या माणसांना संरक्षणाची कल्पना अपरिचित होती, असा नाही. तिच्यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द होता: ‘देवराई’. ‘आमराई’तली जी राई, तीच ही. देवाच्या नावाने राखलेल्या झाडीतून फांदी तोडायची नाही, वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, असा नेम असतो. या तालुक्यातील आहुपे गावची देवराई अभ्यासकांना परिचित आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील अशा राया पाहिल्या, त्यांतील वनस्पतींची नोंद केली आणि अभ्यासविश्वाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. तळकोकणात हिलाच ‘देवरहाटी’ म्हणतात, कोडगूत ‘देवरकाडु’, केरळात ‘कावु’ आणि राजस्थानात ‘ओरण’. इतक्या भाषांनी यासाठी आपापला शब्द घडवला, यावरून ही कल्पना किती जुनी आणि किती दूरवर पसरलेली आहे हे दिसते. देवराईच्या सीमेवर फलक नसतो, तरी ती कोठे सुरू होते हे वाडीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पादत्राणे कोठे काढायची, हे त्याला आईने सांगितलेले असते.

मावशींच्या घराच्या ओसरीवर हिरडे वाळत पडले होते. हा आणखी एक शब्द पाहू. संस्कृत ‘हरीतकी’, प्राकृत ‘हरडई’, मराठी ‘हिरडा’. ‘बिभीतक’पासून ‘बेहडा’ झाला, तेथेही ‘त’चा ‘ड’ असाच झालेला दिसेल. दोन्ही शब्द शेजारी मांडले म्हणजे नियम लक्षात राहतो. हिरड्याचे कोवळे फळ वाळवले की काळे पडते, तो ‘बाळहिरडा’. त्याला औषधासाठी मागणी असते. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातील आदिवासी कुटुंबांना वर्षाकाठी रोख पैसा मिळवून देणाऱ्या मोजक्या वस्तूंत हिरड्याचे स्थान फार वरचे आहे. शेतातले भात घरात खायला लागते. मुलांच्या शाळेचा, दवाखान्याचा, लग्नाचा खर्च हिरड्यावर निघतो. सरकारी कागदांत मात्र हिरड्याची गणना ‘गौण वनोपज’ या सदरात होते. येथे ‘गौण’ म्हणजे इमारती लाकूड नसलेले. हा पारिभाषिक अर्थ आहे आणि परिभाषा म्हणून तो समजण्यासारखा आहे. तरीही प्रश्न उरतो: कोणाच्या दृष्टीने गौण? लाकूड हे जंगलाचे मुख्य उत्पन्न मानणाऱ्याने हा शब्द घडवला. मावशींनी घडवला असता तर त्यांनी हिरड्याला मुख्य म्हटले असते आणि लाकडाला कदाचित काहीच म्हटले नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने असे गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींना मान्य केला, ही महत्त्वाची गोष्ट घडली. शब्द मात्र तोच राहिला.

आता शेवटचा शब्द, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा: ‘पडकई’. तो शहरातल्या मराठी माणसाला बहुधा ठाऊक नसतो. डोंगरउतारावर भाताची खाचरे काढायची म्हणजे दगड फोडावे लागतात, ताल रचावे लागतात, माती अडवावी लागते, पाण्याला वाट ठेवावी लागते. एका कुटुंबाच्या बळाने हे होत नाही. म्हणून उन्हाळ्यात वाडीतली कुटुंबे एकत्र येतात. आज एकाच्या उतारावर, उद्या दुसऱ्याच्या, असे पाळीपाळीने सारे राबतात. मजुरीचा व्यवहार नसतो. श्रमाची परतफेड श्रमाने होते. पडकई या शब्दात जमीन घडवण्याची रीत जशी आहे, तशीच माणसे जोडण्याची रीतही आहे. दोन्ही मिळून एक अर्थ होतो. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने या भागात पडकईला मोठे बळ दिले. त्या संस्थेच्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने दिला जाणारा इक्वेटर पुरस्कारही मिळाला.

पुढे हा शब्द शासकीय योजनेत गेला. योजनेला उद्दिष्ट असते, हेक्टर असतात, मुदत असते. काही ठिकाणी हातांची जागा यंत्रांनी घेतली. यंत्र एका दिवसात जे करते ते करायला वाडीला महिना लागला असता. पण महिनाभर उतारावर राबणारी माणसे त्या उताराशी बोलत असतात, असे मावशींच्या दिरांनी मला सांगितले. “दगूड हलतो का, पानी कुठनं पाझारतं, ते हाताला कळतं. मशीनला काय कळनार?” शब्द तोच राहिला, त्यातले ‘पाळीपाळीने’ गळाले, ‘हाताने’ गळाले. याला अर्थसंकोच म्हणावे की अर्थभ्रंश, हा प्रश्न मी तुमच्यावर सोपवते.

३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर सकाळच्या वेळी डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसे गेली. त्या दिवशी तिकडे गेलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही बातमी बाहेरच्या जगाला कळली. अतिवृष्टी हे त्यामागचे मोठे कारण होते, आणि सह्याद्रीच्या तीव्र उतारांवर दरडी कोसळण्याचा धोका असतोच. त्यानंतर कारणांची जी चर्चा झाली, तीत उतारावर केलेल्या सपाटीकरणाचाही उल्लेख आला. त्या चर्चेत ‘पडकई’ हा शब्द महाराष्ट्रभर वर्तमानपत्रांत छापला गेला. असंख्य वाचकांनी तो पहिल्यांदा वाचला तो आरोपीच्या रूपात. हाताने रचलेली पडकई आणि यंत्राने केलेले सपाटीकरण यांत फरक आहे, असे सांगणारे लोक होते; पण एकच नाव दोघांना मिळाल्यावर तो फरक सांगणे कठीण झाले. माळिणीचे काय कारण होते, हे ठरवणे भूशास्त्रज्ञांचे काम आहे. भाषेच्या अभ्यासकाला एवढेच म्हणता येते: ज्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान वाहून आणले, तो रिकामा होऊन परत आला, आणि नेमका तेव्हा त्या ज्ञानाची सर्वांत जास्त गरज होती. माळिणीतील वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच आमडे येथे नवी वसाहत उभी राहिली. २०१७ मध्ये लोक तेथे राहायला गेले. तिला माळीण हेच नाव आहे.

विद्यार्थ्याच्या घरून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला आपल्या स्वाध्यायाची वही दाखवली. ‘माझे गाव’ या विषयावर त्याने चार पाने लिहिली होती. अक्षर नेटके होते, वाक्ये निर्दोष होती. त्यात ‘शेत’ होते, ‘जंगल’ होते, ‘भातलावणी’ होती, ‘सामूहिक श्रमदान’ होते. रान नव्हते, आवणी नव्हती, पडकई नव्हती. मी कारण विचारले. तो संकोचून म्हणाला, “मॅडम, घरची भाषा लिहिली तर गुण जातील ना? ती अशुद्ध आहे.” ओसरीवर हिरडे निवडत बसलेल्या मावशींनी हे ऐकले. त्या मान वर न करता म्हणाल्या, “आमचं बोलनं म्हंजी काय, रानातलं.”

त्या वाक्यात कमीपणा होता. त्याच वाक्यात संपूर्ण सत्यही होते. त्यांचे बोलणे रानातले होते, म्हणूनच त्या रानाविषयी जे त्यांना सांगता येत होते ते मला पीएच.डी. करूनही सांगता आले नसते. मी विद्यार्थ्याला एवढेच सांगितले, की प्रमाणभाषा ही सर्वांनी एकमेकांशी बोलावे म्हणून आहे; ती शिकावी, जपावी, परीक्षेतही लिहावी. पण जेथे प्रमाणभाषेकडे शब्द नाही, तेथे घरचा शब्द लिहावा आणि पुढे त्याचा अर्थ सांगावा. ‘सामूहिक श्रमदान’ हा पडकईचा अर्थ नव्हे. दान करणारा परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही. पडकईत परतफेड हाच पाया आहे. त्याने वही जवळ ओढली आणि ‘श्रमदान’ खोडून तेथे ‘पडकई’ लिहिले. मग त्या शब्दाचा अर्थ समजावताना त्याला आणखी दीड पान लागले. चार पानांपेक्षा ते दीड पान किती तरी सरस उतरले होते.

मित्रहो, तुमच्यापैकी कुणी मेळघाटात असेल, कुणी मालवणात, कुणी लातुरात, कुणी मुंबईच्या चाळीत, कुणी पोटापाण्यासाठी सुरतेला किंवा इंदुरास. भाषाविज्ञान शिकण्यासाठी तुम्ही वेळात वेळ काढून या पुस्तिकेकडे आला आहात. पण या विद्येचे अर्धे साहित्य तुमच्या घरात आधीपासूनच आहे. तुमच्या घरी एखादे काम, एखादे हत्यार, एखादी नाती जोडणारी रीत अशी असेल, की तिला प्रमाण मराठीत नेमका शब्द नाही. एक वही घ्यावी. असे वीस शब्द त्यात उतरवावेत. प्रत्येकापुढे तो शब्द कोण वापरते, कोणत्या कामाच्या वेळी वापरते आणि आता त्या कामात काय बदलले आहे, हे लिहावे. कोशातला अर्थ नंतर पाहावा. कोशात तो शब्द सापडला नाही, तर खेद करू नये. आपण लिहिले नसते तर तो कोठेच सापडला नसता, हे ध्यानात घ्यावे.

हे काम लांबणीवर टाकू नये, असे मात्र मी आग्रहाने सांगेन. त्या वहीतील शब्दांचे अर्थ सांगू शकणारी माणसे बहुधा सत्तरी ओलांडलेली असतात.